शेपटीचा बूट

केनवड, ता. रिसोड
बुधवार, दुपारचे दोन

गुडघ्यावर हात ठेवून कण्हत जमिनीवर बसणाऱ्या, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून कालचंच पुस्तक आज पुन्हा पहिल्या पानापासून उघडणाऱ्या, आणि झोप आली म्हणून मधली एक ओळ गाळली तर पाच वर्षांच्या पोरीकडून जागच्या जागी पकडल्या जाणाऱ्या माझ्या तमाम आजोबा बांधवांनो! आपला गुन्हा काय? एकदा वाचून दाखवलं, एवढाच. त्या एका गुन्ह्यासाठी आपल्याला तेच पुस्तक साठ-साठ वेळा वाचण्याची शिक्षा झाली आहे. या शिक्षेवर अपील नाही आणि जामीनही नाही.

(माफ कर अशफाक. कागद समोर घेतला की हात आपोआप सभेकडे वळतो. खोडावंसं वाटलं, पण तूही जिकराचा आजोबा आहेस. तेव्हा ते तुलाच उद्देशून आहे असं समज.)

प्रिय अशफाक, तुला सलाम, मेहरबी वहिनींना नमस्कार आणि जिकराच्या डोक्यावरून हात. (तिघांवर थांबलो आहे. तुझ्या सूनबाईंना चौथा नमस्कार मुद्दामच लिहिलेला नाही. कारण पुढे कळेल, तोवर माझ्या वतीने त्यांची माफी माग.) तुझी साखर आटोक्यात असेल आणि भाकरी थापताना वहिनींचा खांदा आता दुखत नसेल अशी आशा आहे. दुकानासमोरचा खड्डा बुजला नसेल तर कळव, मी येऊन बोलतो. म्हणजे बोललो असतो. आता माझ्या बोलण्याचा भरवसा राहिलेला नाही, आणि तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर जीभ हातापेक्षा पुढे पळते. लिहिताना हात थांबवता येतो. आमच्याकडे सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे, सौ. सुंदरबाईची तब्येत चांगली आहे. पुन्हा तीनच झाले बघ. सगळे खुशाल आहेत, फक्त मला भीती वाटते.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. चाळीस वर्षं मी या जिल्ह्यात बोलत आलो. व्यासपीठ नसेल तर ट्रॉलीवर उभा राहून बोललो, माईक नसेल तर नुसत्या छातीच्या जोरावर. राज्यक्रांत्यांचे इतिहास वाचले, खटल्यांतली बचावाची भाषणं पाठ केली आणि ती सगळी विद्या पीकविम्याच्या मोर्च्यात ओतली. मागे काठ्या घेऊन उभे असलेले लोक पाहिले आणि आवाज अजून चढवला. असा मी गेल्या दीड महिन्यापासून एका म्हशीला घाबरतो. ती म्हैस आमच्या गोठ्यातली नव्हे. ती तुझ्या दुकानातली आहे. वह्यांच्या गठ्ठ्यामागे तारेला टांगलेल्या पुस्तकांतून तू तिला काढलीस आणि दसऱ्याला आमच्या संस्कृतीच्या हातात दिलीस. 'घे बेटा, आजोबांकडून वाचून घे,' असं वर म्हणालासही. नात खूश झाली, मीही तोंडभरून हसलो. माझ्या अधःपाताची सुरुवात तिथे झाली.

तू ते पुस्तक विकतोस, पण कधी वाचलं आहेस का? मी वाचलं आहे. चोवीस पानं, आडवा आकार, मुखपृष्ठावर ढमाबाई नावाची म्हैस. तिचे डोळे दोन वेगवेगळ्या दिशांना पाहतात आणि पाठीवर छत्री धरलेला एक बगळा आहे, ज्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. ढमाबाईला चिखलाची किळस येते. (म्हशीला! पहिल्याच पानावर मी आक्षेप घेतला. संस्कृतीने मला गप्प बसायला सांगितलं.) म्हणून ती बूट घ्यायला निघते. बकरीचं दुकान, शिंगांवर चष्मा अडकवलेला. बकरी लाल बूट काढून देते आणि ढमाबाई पाय आपटत मोजते, एक झाला, दोन झाले, तीन झाले, चार झाले. मग मान वळवून, डोळे वटारून, अगदी शांतपणे विचारते, 'आणि शेपटीचा बूट?' बकरी चक्कर येऊन पडते. पुढच्या पानावर कावळ्याचं दुकान, मग उंटाचं, मग बेडकाचं. बूट बदलतात, दुकानदार बदलतात, प्रश्न बदलत नाही. शेवटी शेपटीचा बूट मिळतो का? नाही. मघाचा कावळाच परत येऊन तिला एक फाटका पायमोजा देतो, ती तो शेपटीला घालते आणि आनंदाने चिखलात जाऊन बसते! ज्या चिखलाची किळस होती त्याच चिखलात! मी म्हटलं, ही काय गोष्ट झाली? यात समस्या सुटली नाही, विचार नाही, बोध तर नाहीच. संस्कृती पोट धरून लोळत होती. उठून म्हणाली, 'आबा, पुन्ना.'

त्या 'पुन्ना'ला सीमा नाही अशफाक. सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर. प्रत्येक पानावर कुठेतरी एक गोगलगाय लपलेली आहे, ती शोधल्याशिवाय पान उलटता येत नाही. बकरीचा आवाज कावळ्याला दिला तर पोरगी पुस्तक मिटून माझ्याकडे अशी पाहते, जणू भर सभेत माझी तारीख चुकली. पाय आपटणं सक्तीचं आहे, मोजणंही सक्तीचंच. आणि खरं सांगू? विसाव्या वेळेनंतर मला त्यातली कारागिरी दिसायला लागली. चार वेळा श्रोत्याला हो म्हणायला लावायचं, मग किंचित थांबायचं आणि पाचव्या वेळी त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची. अरे, ही तर माझी पद्धत! तुला माहीत आहे, माझं कुठलंही भाषण चार मुद्द्यांचं असतं. मूठ वर करायची, एकेक बोट उघडायचं, चौथ्या बोटाला आवाज टिपेला न्यायचा आणि मग सगळा हात आभाळाकडे. चाळीस वर्षांची घडी आहे ती. त्या घडीत ही म्हैस कधी येऊन बसली ते मला कळलंसुद्धा नाही.

कळलं किन्हीराजाला. विम्याच्या पैशासाठी सभा होती, साहेब लोक खुर्च्यांवर बसलेले, समोर पाचशे-सहाशे माणूस. मी रंगात आलो होतो. मूठ वर केली. पहिली मागणी, विमा. दुसरी, दिवसाची वीज. तिसरी, हमीभाव. चौथी, रोही आणि रानडुकरांचा बंदोबस्त! चौथं बोट उघडलं, पाय आपोआप स्टेजवर आपटला, मान वळली, आणि मी, देवमन काळबांडे, साहेबांकडे डोळे वटारून अगदी शांतपणे विचारता झालो, 'आणि शेपटीचा बूट?' सभा गार पडली.  वाटलं, संपलं, आता हसतील आणि उद्या अख्ख्या तालुक्यात होईल. तेवढ्यात तांड्यावरचा म्हातारा हेमला उठला. काठी आपटून म्हणाला, 'बरोबर बोलले भाऊ! आमच्या तांड्यात तं एकाले बी भेटला नाई!' मागून दुसरा ओरडला, 'आमच्या गावात नावं लिहून नेली, दिला कोनाले?' आणि पाहता पाहता सगळं मैदान मुठी वर करून गर्जायला लागलं की शेपटीचा बूट मिळालाच पाहिजे. अशफाक, या लोकांना जाहीर होऊन न मिळालेल्या वस्तूंची इतकी सवय आहे की आणखी एक असेल यात कुणालाच नवल वाटलं नाही. निवेदन लिहिणाऱ्याने पाचव्या क्रमांकावर ती मागणी लिहिली. साहेबांनी वाचली, मान डोलावली, पोच म्हणून शिक्का मारला.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. (सत्यासाठी मरायला तयार असलेल्या माणसाला सत्यासाठी हसं करून घ्यायची तयारी नसते, हे मला या वयात कळलं.) आणि अकराव्या दिवशी एका कचेरीतून उत्तर आलं. विम्याबद्दल त्यात अक्षर नाही, विजेबद्दल नाही, भावाबद्दल नाही, रानडुकरांबद्दल तर नाहीच. उत्तर फक्त पाचव्या मुद्द्याला आहे. सदर मागणी जनावरांशी संबंधित दिसत असल्याने ती संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आली आहे. चाळीस वर्षांत माझी एवढी झटपट पुढे सरकलेली ही पहिली मागणी. आता किन्हीराजाहून रोज फोन येतात. आधार कार्ड लागते काय? एका घरी एकच भेटन का जनावरामागं एक? म्हशीलेच हाय का बैलाले बी? मी घसा बसल्याचं सांगून फोन ठेवतो आणि मग खाटेवर बसून राहतो. खाटेलाही पाय चार असतात.

इथवर झालं ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या आठवड्यात मंगळवारी आमचे रामराव गेले. रामराव साउंडवाले. चाळीस वर्षांत मी जिथे बोललो तिथे दोन भोंगे आणि मशीन घेऊन आधी रामराव पोचलेले असायचे, आधी सायकलवर, मग मोपेडवर. तुला त्यांचं बोलणं आठवत असेल. जीभ अडखळायची. माईक तपासताना 'हॅलो' म्हणायला त्यांना चार झटके लागत आणि तेवढ्यात समोरची पोरं त्यांची नक्कल करून मोकळी होत. लग्नात वऱ्हाडी हसायचे, जत्रेत पाळणेवाले हसायचे. ते गालात हसून वायर गुंडाळत. आणि एकदा, पस्तीस वर्षांपूर्वी, आमच्याच जत्रेच्या स्टेजवर माईक किंचाळला तेव्हा त्यांच्याच भोंग्यावरून मीही त्यांची नक्कल केली होती. हजार माणूस हसलं. तू हसला नाहीस, हे मला आठवतं. माफी मागायची राहून गेली. म्हणजे वेळ मिळाला नाही असं नव्हे, त्यानंतरची पस्तीस वर्षं तो माणूस माझ्यापासून दहा हातांवर बसलेला होता.

आपल्याकडे स्मशानातच दोन शब्द बोलायची रीत आहे आणि ते दोन शब्द माझ्याशिवाय कुणी बोलत नाही, हेही तुला ठाऊक आहे. चिता पेटली, लोक बाभळीखाली बसले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. म्हटलं, रामरावांच्या पश्चात वृद्ध आई, पत्नी, मुलगा... आणि थांबलो. कारण पुढे मुलगी होती. चौथी! ती म्हैस माझ्या घशात येऊन उभी होती अशफाक, मला तिचे लाल बूट दिसत होते. उजवा पाय उचलला गेला तो मी डाव्या पायाने दाबून धरला. ओठ घट्ट मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी तसाच मटकन खाली बसलो. लोक हळहळले. देवमनभाऊचा कंठ दाटला म्हणाले. अजूनही गावात त्याचीच चर्चा आहे, की असं प्रेम पाहिलं नाही. जो तो भेटून माझा हात हातात घेतो. ते प्रेम नव्हतं, ती दहशत होती, हे एकट्या तुला लिहितो आहे.

परवा गोजराबाई, रामरावांच्या पत्नी, स्वतः घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, 'भाऊ, चाळीस वर्सं त्यायनं तुमचं भाषण आयकलं. आता रविवारी तेरवीले एक भाषण त्यायच्यावर करा. मसनात तुमाले बोलता आलं नाई, मले समजते. पन रविवारी बोला. अन् एक करा भाऊ, कोनाले हसू देऊ नका. जिते होते तवा लोकं लई हासले त्यायले.' मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?  मागण्यांच्या सभेत चुकलो तर निवेदनात एक ओळ वाढते. इथे चुकलो तर त्या बाईच्या समोर, तेराव्याच्या दिवशी, त्यांच्याच भोंग्यावरून, त्यांच्या नवऱ्याच्या नावावर पुन्हा एकदा गाव हसेल. आणि हसवणारा पुन्हा मीच असेन.

तेव्हापासून मी औषधं करून पाहतो आहे. आधी तीनच मुद्द्यांचं भाषण बसवलं. सुंदरबाईला समोर बसवून म्हणून दाखवलं तर तिसऱ्या मुद्द्यानंतर ती तशीच मान वर करून बसून राहिली, जेवताना वरण वाढायचं राहिलं असावं तशी. मग पाच मुद्द्यांचं केलं. म्हैस पाचव्याची वाट पाहत नाही, ती चौथ्यालाच येते. मुलगा-मुलगी न म्हणता 'दोन अपत्ये' म्हणून पाहिलं, 'मोठा परिवार' म्हणून पाहिलं. बोटं तरीही एकेक करून उघडतातच, कारण मला त्या घरातली माणसं माहीत आहेत. कागदावरून वाचावं म्हटलं, तर कागदावरून वाचणाऱ्यांना मी आयुष्यभर काय काय बोललो आहे ते गाव विसरलेलं नाही. शेवटी काल सकाळी सुंदरबाईने परीक्षा घेतली. म्हणाली, म्हणा, आई, बायको, पोरगा, पोरगी. मी दात आवळून म्हटलं. चौथ्या शब्दानंतर शांत राहिलो. एक क्षण गेला, दोन क्षण गेले. मी जिंकलो असं वाटलं आणि तेवढ्यात खांबाआडून संस्कृतीने पाय आपटून ती ओळ पूर्ण केली. लगेच माझाही पाय आपटला. सुंदरबाईने कपाळाला हात लावला. 'चाळीस वर्सं झाले तुमाले चूप बसा म्हनून राह्यली, आयकलं नाई. आता म्हशीच्या पायी चूप बसाची पाळी आली!' मी संस्कृतीला जवळ घेऊन विचारलं की बेटा, ही म्हैस माझ्या डोक्यातून जाईल कशी? तिने बराच विचार केला. मग म्हणाली, 'आबा, तुमी तिले हाकलू नका ना. ती फक्त इचारते.'

मी रात्रंदिवस यावर विचार करतो आहे. खरंच, ती फक्त विचारते. तिला चार बूट मिळाल्याचा संकोच नाही, समोरचा चक्कर येऊन पडेल याची पर्वा नाही, आणि लोक हसतील याची तर तिला कल्पनाच नाही. लहान मुलं तिला हसतात ती टवाळी नव्हे, ते तिच्या बाजूने हसतात. मोठ्यांचं तसं नसतं. तीच ओळ, तोच पाय, तोच आवाज, पण रविवारच्या मांडवात ते हसू सुरीसारखं जाईल, आणि कुणाला जाऊन लागेल ते मला माहीत आहे.

तेव्हा अशफाक, पुस्तक विक्रेता म्हणून तुझ्याकडे माझी जाहीर मागणी आहे. ही असली वेडगळ जनावरं छापलेल्या पुस्तकांवर सूचना असायला हवी की साठ वर्षांवरील वक्त्यांनी ती मोठ्याने वाचू नयेत. तुझ्या दुकानातल्या उरलेल्या ढमाबाया तारेवरून उतरव. आमची प्रत या पत्रासोबत परत पाठवतो आहे. ती ठेव, जाळ, रद्दीत घाल, मला पुन्हा दिसू देऊ नकोस. रविवारचं मी बघून घेईन. घाबरून बसणारा माणूस मी नव्हे. आमच्या शाळेचे एक गुरुजी मंगरूळपीरहून रोज जाणं-येणं करतात, त्यांच्या हाती हे पाकीट देतो, म्हणजे आज संध्याकाळीच तुला मिळेल.

तुझा,
देवमन काळबांडे

ता. क. पुस्तक सोबत नाही. पाकिटात बसेना. (आकार आडवा आहे, हे वर लिहिलंच आहे.) दुमडलं असतं, पण बेडकाच्या पानावरची गोगलगाय नेमकी घडीत येते. त्याच पुस्तकाच्या पाठीवर एका गाढवाचं चित्र आहे. ते गाढव छत्री दुरुस्त करायचं दुकान काढतं आणि पाऊस पडला की स्वतःच भिजतं, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. संस्कृतीला अजून वाचता येत नाही आणि मी तिला सांगितलेलं नाही. सहज विचारतो, तो पुढचा भाग तुझ्याकडे आहे की मागवावा लागेल?

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गोजराबाई पुन्हा आल्या, म्हणून ते उघडलं. मशीन कुठे ठेवायचं ते विचारायला आल्या होत्या. मुलाचं मुंडण झालेलं, तो पूजेला बसणार, मशीनजवळ कोण बसेल? मी म्हटलं, बाई, मशीन लावून ठेवलं की झालं, तिथे माणूस कशाला? त्या म्हणाल्या, 'भाऊ, तुमाले खरंच मालूम नाई काय?' मग त्यांनी सांगितलं. तुला आठवतं, माझ्या सभेत ऐन रंगात वीज जायची? एखाद्या संस्थेच्या अध्यक्षाचं नाव घेऊन मी त्याच्या चोरीवर आलो आणि वीज गेली. काठ्या घेतलेले लोक मागे उभे होते, मी त्यांच्या बापाचा उद्धार करणार इतक्यात वीज गेली. मी त्यातून कटाचा वास काढला, वीज कार्यालयावर मोर्चा नेला. 'लाईट नव्हती जात भाऊ. तेच बटन दाबत. घरी येऊन मले सांगत, आज देवमनले दोनदा वाचोलं.' मी म्हटलं, शक्य नाही, मला कळलं असतं. तर म्हणाल्या, तुमच्या डोक्यावरचा बल्ब चालूच राहायचा, अख्ख्या सभेला दिसायचा, तुम्हालाच तेवढा दिसला नाही.

अशफाक, ज्याची नक्कल करून मी हजार माणूस हसवलं, तो माणूस पुढची पस्तीस वर्षं माझ्या जिभेने माझाच घात होऊ नये म्हणून बोट बटणावर ठेवून बसला होता. हे मला रविवारी सांगायचं आहे. तिथे, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने. मी केलेल्या नकलेसकट सांगायचं आहे. आणि ते सांगायचं तर त्यांच्या घरातली चारही माणसं नावाने घ्यावी लागतील, कारण त्यातल्या प्रत्येकाची माझ्यावर ती माफी बाकी आहे. वर मी घाबरत नाही असं लिहिलं, ते खोटं आहे. मी खूप घाबरलो आहे. ती ओळ कुठून आणि नेमकी कधी येते ते माझ्याखेरीज दोनच मोठ्या माणसांना माहीत आहे, सुंदरबाईला आणि तुला. सुंदरबाई चुलीशी असेल.

तेव्हा दुकान एक दिवस बंद ठेव. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने नीघ, आपल्या मालेगावला गाडी बदल, दहाच्या आत केनवडला पोच. कुणाशी बोलत बसू नकोस, सरळ मशीनजवळ जाऊन बस. काळं बटण आहे, उजव्या बाजूला. माझ्या हाताकडे बघत राहा, आणि मुलीचं नाव घेऊन झालं की लगेच ते दाब.